एमजीबी (१९७२) चा फ्युएल पंप चढावर बंद पडतोय, ठोकला की चालू होतो. सरळ बदलू का?

अबिंग्डन७२:

नमस्कार मंडळी. मी मूळचा सांगलीचा, गेली अकरा वर्षं इंग्लंडात कोव्हेंट्रीला आहे. तीन वर्षांपूर्वी १९७२ ची एमजीबी रोडस्टर घेतली, लहानपणापासूनचं स्वप्न होतं. १७९८ सीसीचं इंजिन, एसयू या ब्रिटिश कंपनीचे दोन कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारे), पंपही एसयूचाच इलेक्ट्रिक. ऑइल बदलणं, प्लग, ब्रेक शू एवढं मी घरीच करतो, पण पेट्रोलच्या लाइनीला अजून हात लावलेला नाही, म्हणून इथे विचारतोय.

झालं असं की आई भारतातून आलीये, तिला घेऊन मागच्या रविवारी कॉट्सवोल्ड्सला निघालो. ब्रॉडवे गावात चहा घेतला आणि ए४४ ने फिश हिल चढायला लागलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मोठा लांबलचक चढ आहे, आपल्या घाटासारखी वळणं आहेत. अर्ध्यात गाडीने दोन गचके दिले, मग एकदम सगळी ताकद गेल्यासारखी झाली आणि कडेला घेईपर्यंत इंजिन बंद. किल्ली परत ऑन केली तर मागून एरवी जी टकटकटक ऐकू येते ती नाहीच. पूर्ण शांतता. ती शांतता ऐकून पोटात गोळा आला, कारण मागून ट्रक येत होते आणि शेजारी आई बसलेली.

आधीच्या मालकाने गाडी देताना एका कागदावर लिहून दिलं होतं की पंप बंद पडला तर बूटमधे (डिकीत) पुढच्या उजव्या कोपऱ्यात त्याचं टोक आहे, त्यावर हलकं ठोकायचं. बूट उघडला, कव्हर काढलं, चाकाच्या पान्याच्या दांड्याने हळूच दोनदा ठोकलं आणि लगेच टकटकटक सुरू. गाडी चालू झाली, वर पोचलो. पण घरी येईपर्यंत आणखी दोनदा तेच, आणि शेवटी तर कितीही ठोकलं तरी काही नाही, म्हणून टो करून आणावी लागली.

आता गंमत बघा, दुसऱ्या दिवशी सकाळी ड्राइव्हवेवर थंड गाडीत किल्ली फिरवली तर पंप एकदम नीट चालतोय! म्हणून गोंधळलोय.

माझे प्रश्न असे की सरळ नवीन पंप टाकू का आधी काही तपासायचं असतं? टाकायचा तर जुन्यासारखा पॉइंटवाला (आत करंट जोडणारे-तोडणारे धातूचे ठिपके असलेला) घेऊ की इलेक्ट्रॉनिक? ऑनलाइन निम्म्याहून कमी किमतीत चौकोनी डबीसारखे पंप दिसतात, "सगळ्या १२ व्होल्ट गाड्यांना चालतो" असं लिहिलेलं असतं, ते चालतील का? आणि हे काम घरच्या ड्राइव्हवेवर करणं सेफ आहे का, की गॅरेजलाच द्यावं? आई अजून पाच आठवडे आहे, तिला परत एकदा त्या रस्त्याने न्यायचंच आहे.

---

नवशिक्या_पुणे:

एमजी म्हणजे ती हेक्टरवाली कंपनीच ना? त्यांच्या सर्व्हिस सेंटरला नाही का मिळणार पार्ट?

---

अबिंग्डन७२:

नाव तेच, पण ही गाडी १९६२ ते १९८० मधे इंग्लंडात अबिंग्डनच्या कारखान्यात बनायची. नंतर एमजी नाव विकत विकत चिनी कंपनीकडे गेलं, त्यामुळे आताच्या शोरूमला हिचे पार्ट नसतात. पण इथे जुन्या गाड्यांचे पार्ट बनवणारे वेगळे लोक आहेत आणि एमजीबीचं जवळजवळ सगळं नवीन मिळतं, ते एक बरंय.

---

गॅरेजकाका_कोल्हापूर:

बाळा, आधी हे सांगतो की तुझ्या गाडीचं इंजिन आम्हाला परकं न्हाई. आमच्या पेट्रोल अँबॅसिडरला जे १४८९ सीसीचं इंजिन यायचं ते बीएमसी या ब्रिटिश कंपनीचं बी सिरीजच, तुझं १७९८ त्याच घरातलं मोठं भावंड. तीस वर्षं मी ती इंजिनं उघडली. फरक एवढाच की अँबॅसिडरला पंप इंजिनावर मेकॅनिकल असायचा, कॅमशाफ्टवर चालणारा, आणि तुझा मागं इलेक्ट्रिक हाय. पण आत पेट्रोल ओढणारा-ढकलणारा पडदा तो पडदाच.

पंप मेला असं लगेच ठरवू नको. तो कसा चालतो ते आधी डोक्यात बसव, मग काय बिघडलंय ते तुझं तुलाच कळंल. आत एक कॉइल हाय. करंट मिळाला की ती पडदा मागं ओढती, टाकीतनं पेट्रोल आत येतं. पडदा पार मागं गेला की त्याची दांडी पॉइंट उघडती, करंट तुटतो, मग स्प्रिंग पडद्याला पुढं ढकलती आणि पेट्रोल कार्ब्युरेटरकडं जातं. पुढं आला की पॉइंट परत चिकटत्यात, परत ओढ. एक टक म्हंजे एक झटका. म्हंजे बघ, पेट्रोलचा दाब करंटनं येत न्हाई, स्प्रिंगनं येतो, करंट फक्त स्प्रिंग भरून देतो. कार्ब्युरेटरची वाटी भरली, फ्लोटची (वाटीत पेट्रोलवर तरंगणाऱ्या तुकड्याची) सुई बंद झाली, की पेट्रोलला जायला जागा न्हाई, पडदा मागंच थांबतो आणि टकटक बंद. म्हणून किल्ली ऑन केल्यावर आधी भराभर टकटक, मग हळू, मग गप्प, हा तब्येतीत असलेला पंप.

आता आवाजावरनं ओळखायचं. अजिबात टक न्हाई आणि ठोकल्यावर चालू होतो, तर पॉइंट काळे पडलेत न्हाईतर करंट पोचत न्हाई. इंजिन बंद हाय, वाट्या भरल्यात, कुठं पेट्रोल सांडत न्हाई तरी टक टक चालूच, तर टाकीपासून पंपापर्यंतच्या पायपात हवा ओढतोय किंवा आतला व्हॉल्व्ह धरत न्हाई. आणि भराभर टकटक पण गाडीत दम न्हाई, तर पेट्रोलच येत न्हाई, टाकीतली जाळी बघ.

ठोकून चालू होणं हे पॉइंटचं लक्षण हाय, पण त्याच्या आधी तीन गोष्टी कर, पैसे वाचतील.

एक, टाकीचं झाकण. चढावर गाडी बंद पडंल तेव्हा झाकण उघडून बघ, फुस्स करून हवा आत गेली तर टाकीला श्वास घ्यायला जागा न्हाई, पंप काय करणार बिचारा.

दोन, पंपापाशी व्होल्टेज मोज, आणि ते पंप टकटक करत असताना मोज. पंप थांबलेला असताना मोजशील तर सगळं ठीकच दिसंल, फसशील.

तीन, कार्ब्युरेटरला येणारी नळी काढ, लांब नळी लावून मोकळ्या जागेत पत्र्याच्या डब्यात सोड, आणि किल्ली ऑन करून घड्याळ लाव. अर्ध्या मिनिटात अर्ध्या लिटरच्या वर यायला पाहिजे. इंजिन थंड पाहिजे, जवळ कोणी विडी-सिगरेट ओढायची न्हाई, आणि एक माणूस किल्लीपाशी बसव. नळीला तोंड लावून पेट्रोल कधी ओढू नको, आमच्या पोरांनी केलंय ते, एकाच्या छातीत गेलं होतं, दवाखान्यात बसलो होतो रात्रभर.

हे करून सांग, मग पुढचं बोलू.

---

अबिंग्डन७२:

काका, खूप खूप आभार, एवढं नीट मला कुठल्याच पुस्तकातून कळलं नव्हतं. काल संध्याकाळी बसलो, आईला किल्लीपाशी बसवलं.

झाकण ठीक आहे, फुस्स वगैरे काही नाही.

व्होल्टेजला मात्र धक्का बसला. बॅटरीवर १२.५ आणि पंपाच्या टर्मिनलवर टकटक चालू असताना ९.८! जवळजवळ तीन व्होल्ट रस्त्यातच जातायत. माझ्या गाडीत पंपाला पांढरी वायर येते, इग्निशनवरून, मधे फ्यूज नाहीये. बूटमधे तिचे बुलेट कनेक्टर आहेत, रबराच्या नळीत दोन्ही बाजूंनी खुपसलेले, ते ओढून काढले तर आत हिरवी बुरशीसारखी पावडर. बारीक सँडपेपरने घासले, परत लावले, आता ११.७ येतंय.

पेट्रोल अर्ध्या मिनिटात साधारण ३५० मिली. कनेक्टर साफ केल्यावर ४०० च्या आसपास. म्हणजे सुधारलं पण पुरेसं नाही.

मग धीर करून बॅटरी काढली आणि पंपाच्या शेवटाची काळी टोपी उघडली. पॉइंट बघितले. एका पॉइंटवर मधोमध खड्डा आणि समोरच्यावर तेवढाच उंचवटा, कडेला निळसर काळा रंग, मी मोबाइलच्या टॉर्चमधे बराच वेळ बघत बसलो होतो. कोऱ्या कागदाची पट्टी मधे घालून ओढली तर कागदावर काळी रेघ आली. साफ केल्यावर ५०० मिली आलं. एक राउंड मारायला गेलो, वीस मिनिटं मस्त, मग परत गचका. टोपीला बोटाने टिचकी मारली की सुरू.

---

व्होल्टमीटर:

मी ब्रिस्टलला असतो, नाशिकचा, काम इलेक्ट्रॉनिक्समधलं. तुमचे आकडे बघून लिहावंसं वाटलं.

खड्डा आणि समोर उंचवटा म्हणजे एका पॉइंटवरचा धातू उडून दुसऱ्यावर बसतोय. कॉइलमधला करंट तुटतो त्या क्षणी ती मोठा व्होल्टेज उसळवते आणि पॉइंटमधे ठिणगी पडते, प्रत्येक टकेला एक ठिणगी. ती मारायला जुन्या पंपांत कंडेन्सर असायचा, नंतरच्या पंपांत डायोड वगैरे आले. ते निकामी झालं की पॉइंट फार लवकर खातात. म्हणजे तुम्ही नुसते पॉइंट घासत राहिलात तर तीच गोष्ट महिन्याभराने परत होणार. दोन उपाय आहेत, पॉइंट आणि ठिणगी मारणारा भाग दोन्ही बदलून जुना पंप उभा करायचा, किंवा नवा आणायचा.

अजून एक, अर्थ (बॉडीकडे जाणारी परतीची वायर) बघितला का? हा पंप रबराच्या पट्ट्यात अडकवलेला असतो म्हणजे बॉडीला त्याचा धातू लागतच नाही, सगळा परतीचा करंट त्या एका काळ्या वायरमधून जातो. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं पंपाच्या बॉडीला लावा, पंप चालताना तिथे पाव व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर काळ्या वायरचा नट खोलून, पत्रा चकचकीत घासून परत लावा. तुमचे उरलेले पाऊण व्होल्ट कदाचित तिथेच जातायत.

इलेक्ट्रॉनिक की पॉइंट, तर मी इलेक्ट्रॉनिक सांगेन. एसयूचंच नाव आता सॉल्सबरीच्या बर्लेन कंपनीकडे आहे, ते दोन्ही प्रकार बनवतात. बाहेरून तोच पंप, तोच पडदा, तीच टकटक, फक्त आत पॉइंटच्या जागी चुंबक आणि सेन्सर. ठिणगी नाही म्हणजे झीज नाही. पण एक काळजी घ्यायची, पोलॅरिटी. तुमची १९७२ ची आहे म्हणजे निगेटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं, पण १९६७ आधीच्या एमजीबी पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या आणि इलेक्ट्रॉनिक पंप उलटा जोडला की गेलाच. ऑर्डर देताना निगेटिव्ह अर्थचाच मागवा, आणि आधीच्या मालकाने काही उलटसुलट केलं नाहीये ना ते बॅटरीपाशी एकदा डोळ्यांनी बघा.

आणि कृपा करून किल्ली ऑन ठेवून गाडी बंद ठेवायची सवय असेल तर सोडा. पडदा मागे थांबला आणि पॉइंट नेमके चिकटलेले राहिले तर कॉइल सतत करंट घेते, आतला रेझिस्टर तापून जळतो. जत्रेत, शोमधे रेडिओ लावायला लोक तासन् तास किल्ली ऑन ठेवतात.

पांढऱ्या वायरला पंपाआधी एक फ्यूज टाका, आणि जमलं तर इनर्शिया स्विच. गाडी कशावर आदळली तर तो पंपाचा करंट तोडतो. आई शेजारी बसणार आहे म्हणताय म्हणून आवर्जून सांगतोय.

---

जर्सीची_ताई:

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते कारण ती चूक मी करून बसलेय. माझी १९७९ ची रबर बंपरवाली एमजीबी आहे, न्यू जर्सीत, अमेरिकन मॉडेल असल्यामुळे एकच स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर. नवरा म्हणाला होता असली गाडी नको, आता तोच रविवारी धुतो.

चार वर्षांपूर्वी माझा पंप गेला तेव्हा मी तो चौकोनी डबीचा स्वस्त पंप लावला. अर्ध्या तासात बसला, मस्त भर्रर्र आवाज, मी खूश. दुसऱ्या दिवशी गॅरेजमधे पेट्रोलचा वास. प्लग काढले तर काजळीने काळेभोर. दहा दिवस मी कार्ब्युरेटर उघडून फ्लोट बघत होते, सुई बदलली, तरी तेच. शेवटी एका अनुभवी माणसाने प्रेशर गेज लावला तर साडेसहा पीएसआय (दाबाचं एकक)! आपल्या कार्ब्युरेटरला साधारण तीन पीएसआय पुरतात, त्याच्या दुप्पट दाब आला की फ्लोटची सुई तो धरूच शकत नाही, पेट्रोल वाटीतून वर येतं आणि गरम एक्झॉस्टच्या जवळ सांडतं. एक्झॉस्ट कुठल्या बाजूला आहे ते तुम्हाला माहितीच आहे, कार्ब्युरेटरच्या बरोब्बर खाली. आजही विचार केला की अंगावर काटा येतो, कारण त्या दहा दिवसांत माझी मुलगी माझ्या बाजूला बसली होती.

"सगळ्या १२ व्होल्ट गाड्यांना चालतो" असं जे लिहितात तो पंप कुठल्याच एका गाडीचा विचार करून केलेला नसतो. कमी दाबाचे चांगले डबीवाले पंपही मिळतात हे खरं, रेग्युलेटर लावूनही चालवता येतो, मी सहा महिने चालवला. पण मग एसयूचा इलेक्ट्रॉनिकच घेतला कारण तो मूळ पट्ट्यात, मूळ पायपांवर बसतो, काही कापावं लागत नाही, आणि वाट्या भरल्या की गप्प बसतो. डबीवाला सतत भुणभुणतो त्यामुळे तो काय सांगतोय ते कळत नाही.

दुसरं, रबराच्या नळ्या. इथे बरीच वर्षं पेट्रोलमधे १० टक्के इथेनॉल असतं, तुमच्याकडे ब्रिटनमधे सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० झालं, भारतात तर आता २० टक्क्यांवर गेलंय. जुन्या रबराला ते खातं. नळी बाहेरून छान दिसते पण वाकवली की बारीक भेगा दिसतात, आतून चुरा निघतो. पंप काढताच आहात तर आर९ लिहिलेली, इथेनॉल सोसणारी नळी आणा आणि पंपाजवळची सगळी रबरं त्याच दिवशी बदला. दर वर्षी हिवाळ्यात माझी गाडी चार महिने उभी असते, मी टाकी महागड्या इथेनॉल कमी असलेल्या पेट्रोलने भरून ठेवते.

---

गॅरेजकाका_कोल्हापूर:

ताईंचं दाबाचं बरोबर हाय, लक्षात ठेवा.

इलेक्ट्रॉनिकला माझा विरोध न्हाई पण माझं मत वेगळं हाय ते सांगतो. पॉइंटवाला पंप बंद पडायच्या आधी महिनाभर कळवतो, कधी चुकतो, कधी ठोकून चालतो, तू रस्त्याच्या कडेला कागदाची पट्टी घालून घरी येऊ शकतोस. सेन्सर गेला की गेला, त्याला कागद लावून भागत न्हाई. आमच्याकडं आंबोली घाटात अँबॅसिडर तापली की पंपावर ओलं फडकं टाकून वर न्यायचो, ते का जमायचं, तर पंप हाताला लागायचा, त्यात काय चाललंय ते दिसायचं. म्हणून इलेक्ट्रॉनिक टाक, पण जुना फेकू नको. त्याला नवे पॉइंट बसव आणि बूटमधे ठेव.

आणि काम करताना ह्या गोष्टी विसरू नको. टाकी जवळजवळ रिकामी असताना कर. गाडी जॅकवर ठेवून खाली जायचं न्हाई, स्टँड लाव. बॅटरी आधी काढ, नंतर पेट्रोलची नळी. पंपाच्या बॉडीवर आत यायची आणि बाहेर जायची बाजू कोरलेली असती, बाहेर जायचं तोंड वर आलं पाहिजे, हवा निघून जाती. श्वासाच्या बारीक नळ्या असत्यात त्या वाकू देऊ नको, बंद पडल्या की पडदा हलायला जड जातो.

---

व्होल्टमीटर:

काकांचं पटलं. कागदाच्या पट्टीवर माझ्याकडे उत्तर नाही. सुटा पंप बूटमधे असावाच.

---

अबिंग्डन७२:

मंडळी, काम झालं. दोन शनिवार लागले, सविस्तर लिहितो, पुढे कोणाला उपयोग होईल.

आधी अर्थ. व्होल्टमीटर, तुम्ही म्हणालात तसंच, काळ्या वायरवर ०.६ व्होल्ट दिसले. नट खोलला, खाली पत्र्यावर रंग आणि गंज, घासून पितळेचा नवा वॉशर टाकला. आता टकटक चालू असताना पंपापाशी १२.२ येतंय. आधीच्या ९.८ ला पंप बिचारा कसा ओढत होता देव जाणे.

इलेक्ट्रॉनिक पंप मागवला, निगेटिव्ह अर्थचा, पेटीवर लिहिलेलं तीनदा वाचलं. शनिवारी सकाळी टाकीत साधारण पाच लिटर उरलं होतं. सीटच्या मागची झाकणी काढून बॅटरीची केबल काढली (माझ्या गाडीत सहा सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत), मागचं उजवं चाक काढलं, स्टँड लावले. फायर एक्स्टिंग्विशर आणून शेजारी ठेवला. आईने घराच्या सगळ्या खिडक्या बंद केल्या आणि स्वतः खुर्ची टाकून लांब बसली.

पायपांचे बँजो बोल्ट (पाइप पंपाला जोडणारे पोकळ बोल्ट) निघता निघेनात. आदल्या रात्री ऑइल मारून ठेवलं होतं तरी दुसरा बोल्ट सुटायला तासभर गेला. घाई करून बोल्ट तोडला असता तर पितळेचा भाग गेला असता, म्हणून थोडं मागे थोडं पुढे करत बसलो. सुटल्यावर खाली परातीत पेट्रोल आलं, अंदाजाने दोन कप. परात आमच्या घरातलीच होती, आता ती गॅरेजचीच झाली.

नवा पंप त्याच रबरी पट्ट्यात बसला, बाहेरचं तोंड वर, श्वासाच्या दोन्ही नळ्या बूटमधे मोकळ्या ठेवल्या. पांढऱ्या वायरला फ्यूज टाकला. बॅटरी लावली, किल्ली फिरवली. भराभर टकटकटक, मग हळू, आणि मग… थांबेना. दर दोन-तीन सेकंदाला एक टक. इंजिन बंद. कार्ब्युरेटरपाशी एक थेंब नाही, खाली कुठे ओल नाही. जवळजवळ पंपच खराब आलाय असं म्हणून परत पाठवणार होतो.

मग काकांची ओळ आठवली, कुठे सांडत नाही तरी टकटक म्हणजे हवा ओढतोय. टाकीकडून येणाऱ्या बाजूला गळती असली तर तिथून पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते, म्हणून थेंब दिसतच नाही! मी काय केलं होतं तर टाकीकडच्या बँजोला जुनेच फायबर वॉशर परत लावले होते, कारण पेटीतले नवे वॉशर मला आधी सापडले नव्हते, कागदाच्या घडीत अडकले होते. ही चूक पूर्णपणे माझी, पंपाचा काही दोष नव्हता. जुना वॉशर काढून बघितला तर कडक, लाकडासारखा, बोल्टच्या कडेची गोल खूण त्यात खोल उमटलेली. ती खूण नव्या जागी नीट बसणार कशी? आणि ताई, तुमच्या सांगण्यावरून टाकीकडची नळीही वाकवून बघितली, आतल्या वळणावर केसाएवढ्या भेगा. म्हणून पुढच्या शनिवारी आर९ नळी, नवे क्लिप, नवे वॉशर, सगळं एकदम.

आता किल्ली ऑन केली की सहा-सात सेकंद टकटक आणि मग गप्प. पूर्ण मिनिटभर मोबाइलवर वेळ लावून ऐकलं, एकही टक नाही. अर्ध्या मिनिटात ६०० मिलीच्या वर पेट्रोल येतंय.

इनर्शिया स्विच मागवलाय, अजून आला नाही. जुना पंप किचनच्या टेबलावर उघडला, नवे पॉइंट आणि कंडेन्सर बसवले, बाटलीतल्या रॉकेलवर चालवून बघितला, टकटक करतोय. स्वच्छ करून आईच्या जुन्या साडीच्या फडक्यात गुंडाळून बूटमधे ठेवलाय, सोबत कोऱ्या कागदाच्या पट्ट्या आणि एक पाना.

काल परत गेलो होतो. ब्रॉडवेला चहा, मग फिश हिल, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधे न गचकता वरपर्यंत. वर गाडी थांबवली, दोघं उतरून बराच वेळ खालचा परिसर बघत उभे राहिलो. परत निघताना मी किल्ली फिरवली आणि सवयीने लगेच स्टार्ट करायला गेलो तर आईने माझा हात धरला, म्हणाली, "थांब जरा, अजून टकटक चाललीये."